बत्तीस पावलं गप्प

१९७२ साली लहानू हटवारचं ट्रंपेट ऐकलं नाही असा माणूस इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत शोधून सापडला नसता. लहानू हटवार कोण, हे सांगू शकणाराही सापडला नसता. लग्नाच्या बँडात वाजवणाऱ्याचं असंच असतं. नवरदेव घोड्यावर, घोड्यापुढं नाचणारे, नाचणाऱ्यांपुढं बँड, आणि बँडात डावीकडून दुसरा लहानू. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसे. घोडा त्याच्यापेक्षा देखणा होता.

लहानू मूळचा मौद्याचा. घरात दोन माग होते आणि त्या दोन मागांना दोन मोठे भाऊ पुरत होते. चौदाव्या वर्षी बापानं त्याला नागपुरात दादाजीच्या बँडात आणून सोडला. दादाजीनं पोचे आलेलं एक ट्रंपेट त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, "या चौकात फुंक. त्या चौकात ऐकू आलं पायजे." लहानूनं फुंकलं. त्या चौकातला पानवाला बाहेर येऊन बघू लागला, आणि लहानूचं शिक्षण तिथंच पूर्ण झालं. पुढं दादाजीनं त्याला चाली शिकवल्या, पण मुख्य विद्या ती पहिलीच. जोर.

त्यानंतरच्या एकोणतीस वर्षांत लहानूनं दोनेक हजार लग्नं लावून दिली आणि त्यातल्या एकाही लग्नात तो खुर्चीवर बसला नाही. यात कुणी त्याचा अपमान केला असं नाही. खुर्च्या पाहुण्यांच्या असतात. बँडवाले मांडवामागं बांबूंच्या ढिगावर बसतात, त्यांची पंगत शेवटची असते, आणि वाजवताना तर चालायचंच असतं. लोकही ऐकायला थांबत नाहीत. ते नाचतात, भांडतात, नवरदेवाच्या मामाला शोधतात. ट्रंपेट बंद पडलं म्हणजेच त्यांना कळतं की इतका वेळ ट्रंपेट होतं.

लहानूची याबद्दल तक्रार नव्हती. इच्छा मात्र एक होती. एकदा खुर्चीवर बसून वाजवायचं आणि समोर माणसांनीही बसून ऐकायचं. बस्स, एवढीच. ती त्यानं फक्त बायकोला, रुखमाबाईला, सांगितली होती. रुखमाबाई म्हणाली, "आवो, बसलेल्या मानसापुढं तुमी वाजवलं तं तो बसून राहीन का?"

आषाढी झाली, लग्नं बंद झाली आणि लहानू दरवर्षीसारखा दादाजीच्या दुकानात छत्र्या दुरुस्त करायला बसला. चातुर्मासात देव झोपतात, त्यामुळं बँडवाल्यांना जागेपणी दुसरं काहीतरी करावं लागतं. अशाच एका दुपारी मोहरीलसाहेब दुकानात आले. श्रीधर मोहरील हे भूमापन कचेरीत कारकून होते, साहेब नव्हते. पण डोळ्यांवर चष्मा आणि बगलेत व्हायोलिनची पेटी असलेल्या माणसाला लहानू दुसरं काय म्हणणार.

त्यांची हकीकत अशी होती. गेल्या हिवाळ्यात त्यांनी रेडिओवर कुठलंसं परदेशी स्टेशन लावलं. त्यावर अगदी नव्या धर्तीचं संगीत चाललं होतं. एक ट्रंपेट आणि बाकी सगळी तारांची वाद्यं, चार-पाच माणसं एका खोलीत बसून वाजवत असावीत असं. निम्मं झालं आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा त्या स्टेशनवर बातम्या चालू होत्या. उरलेलं कसं होतं हे कळायला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून मोहरीलसाहेबांनी ते स्वतःच लिहायला घेतलं. लिहिता लिहिता ऐकलेलं निम्मंही आठवेनासं झालं, तेव्हा तेही लिहिलं. तरुणपणी कामठीच्या एका म्हाताऱ्या ऑर्गनवाल्याकडून ते पाश्चात्त्य स्वरलिपी शिकले होते, ती आता कामी आली. सहा महिन्यांत बारा मिनिटांचं संगीत तयार झालं. तारवाले मिळाले होते. ट्रंपेटवाला मिळत नव्हता.

"दोन व्हायोलिनं, एक चेलो आणि एक ट्रंपेट," मोहरीलसाहेब म्हणाले.

"चेलो मंजे?" दादाजीनं विचारलं.

"मोठं व्हायोलिन. खाली टेकवून, गुडघ्यांत धरून वाजवतात."

दादाजीनं ही माहिती थोडा वेळ चघळली. "आन हे सारं वाजवाचं कुठं?"

"खोलीत. हे खोलीतलंच संगीत आहे."

"खोलीत ट्रंपेट?" दादाजी म्हणाला. "आन खोली मंग कुठं ठेवता?"

लहानू इतका वेळ छत्रीच्या काडीला तार गुंडाळत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "लोकं बसून ऐकतीन का?"

"अर्थात."

"आन मी?"

"तुम्हीही बसूनच वाजवायचं. खुर्ची असेल."

लहानूनं छत्री खाली ठेवली.

पुढच्या रविवारी दुपारी तो ट्रंपेट घेऊन धंतोलीत मोहरीलसाहेबांच्या घरी गेला आणि दाराजवळ जमिनीवर बसला. त्याला उठवून खुर्चीवर बसवण्यात दहा मिनिटं गेली. खुर्चीवर तो असा बसला की कुणी मालक आला तर लगेच उठता यावं. समोर यमुताई होत्या, मुलींच्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या, अडतीस वर्षांच्या, अविवाहित आणि त्याबद्दल कुणाशी न बोलणाऱ्या. त्या दुसरं व्हायोलिन वाजवत. चेलो होता मधुसूदनकडे. मधुसूदन कंपाउंडर. हा चेलो त्याला एका शाळेच्या अडगळीत सापडला होता, आणि त्याच्याकडे दुसरं काही नसल्यामुळं तो चेलो वाजवायला शिकला होता.

"फक्त सा लावा," मोहरीलसाहेब म्हणाले.

लहानूनं सा लावला. खिडकीची काच थरथरली, चेलोच्या तारा कुणी न छेडता आपोआप गुणगुणू लागल्या आणि कोनाड्यातला गणपती थोडा डावीकडे सरकला. पाच मिनिटांत गल्लीतली मुलं घोडा बघायला जमली. शेजारच्या कुसुमताई साखर घेऊन आल्या. यमुताईंचं जमलं अशी त्यांची समजूत झाली होती. यमुताईंनी साखर घेतली, खाल्ली, आणि व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली धरलं.

स्वरलिपी लहानूला येत नव्हती. बँडवाला कानानं चाल उचलतो आणि पायानं मोजतो. चालता चालताच वाजवायचं असल्यामुळं त्याच्या लेखी संगीत पावलांत असतं. बसल्यावर त्याचे पाय रिकामे झाले आणि मोजणी सुटू लागली. दोन रविवार मोहरीलसाहेब मात्रा समजावत राहिले. तिसऱ्या रविवारी त्यांनी हार मानली आणि लहानूसाठी सगळं पावलांत लिहून काढलं. चौथीपर्यंत शिकलेला लहानू ते वाचू शकत होता. 'सा, बारा पावलं. गप्प, चार पावलं. रे हळू, सहा पावलं.' लहानू बुटात अंगठा हलवून पावलं मोजू लागला आणि एकदम बिनचूक वाजवू लागला. मोहरीलसाहेबांना थोडं वाईट वाटलं, कारण ती स्वरलिपी शिकायला त्यांना चार वर्षं लागली होती.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'गप्प, बत्तीस पावलं.'

"साहेब, हे जास्त झालं नाई का?" लहानू म्हणाला.

"तिथं फक्त तारा वाजतात."

"पन मी काय करू?"

"काही नाही. थांबा."

वरातीत थांबणं नसतं. बँड थांबला की नाचणारे थांबतात, नाचणारे थांबले की नवरदेवाचा काका ओरडत येतो. एकोणतीस वर्षं लहानूनं कुठलीही फट उघडी ठेवली नव्हती. त्यामुळं नवव्या पावलाला त्याचे ओठ आपोआप ट्रंपेटला लागले आणि यमुताईंचं व्हायोलिन ऐकू येईनासं झालं. पुढच्या वेळी बाराव्या पावलाला. त्यापुढच्या वेळी यमुताई म्हणाल्या, "लहानूजी, ट्रंपेट खाली ठेवा आणि नुसतं ऐका." लहानूनं ट्रंपेट मांडीवर आडवं ठेवलं, वर दोन्ही हात ठेवले आणि बत्तीस पावलं बसून राहिला.

त्या संध्याकाळी तो रुखमाबाईला म्हणाला, "ट्रंपेट हातात असून म्या आज पह्यल्यांदा दुसऱ्याचं ऐकलं वं."

"मंग?"

"ते व्हायोलिन बारीक वाजते. पन सारं सांगते." त्याला फार बरं वाटलं होतं आणि ते कसं सांगायचं ते कळत नव्हतं.

गप्प बसणं जमलं. हळू वाजवणं जमेना. मोहरीलसाहेबांनी कुठल्याशा पुस्तकात वाचून ट्रंपेटच्या तोंडाला लावायला नारळाची करवंटी तासून आणली. आवाज कमी झाला, पण शेजारच्या घरात कुणी सासू बोलत असावी तसा झाला. करवंटी गेली. मग लहानूनं स्वतःच तोड काढली. घरातल्या सगळ्या गोधड्यांचा ढीग करायचा, त्यात ट्रंपेटचं तोंड खुपसायचं आणि रोज सकाळी तासभर वाजवायचं. गोधडीत जोर लावला तर वारा उलटा फिरून छाती भरते. हळू सोडला तर सूर जातो. आठवड्याभरात त्याला कळलं की हळू वाजवायला जोरापेक्षा जास्त दम लागतो. ही गोष्ट एकोणतीस वर्षांत त्याला दादाजीनं सांगितली नव्हती, कारण दादाजीलाही ती माहीत नव्हती.

"गोधड्या ओल्या होऊन राहिल्या," रुखमाबाई म्हणाली. "पाहुनं आलं तं काय सांगू?"

"सांग, ट्रंपेटनं मुतलं."

दीड महिन्यात आवाज खोलीच्या मापाचा झाला. आणि मग गणपती आले. दहा दिवस दादाजीचा बँड मंडळामंडळांत वाजला, विसर्जनाला तर सकाळी नऊपासून रस्त्यावर होता. अकराव्या दिवसानंतरच्या रविवारी लहानूनं धंतोलीत सा लावला आणि कोनाड्यातला गणपती पुन्हा डावीकडे सरकला. मोहरीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. लहानू घरी गेला आणि गोधड्या पुन्हा काढल्या.

दादाजीला वेगळीच काळजी होती. "तू मऊ पडून राहिला गा," तो म्हणाला. "तुळशीचं लगन लागलं की सीझन चालू. बारातीत तुले कोन ऐकन?" ही काळजी फुकट गेली, लहानू पुढं अकरा वर्षं त्याच बँडात वाजवत राहिला आणि चौकापलीकडे ऐकूही जात राहिला. पण ते तेव्हा कुणाला माहीत असणार. दादाजी खरोखर घाबरला होता, आणि लहानूही थोडा.

कार्यक्रम ठरला कोजागरीनंतरच्या रविवारी, दुपारी चार वाजता, धंतोलीतल्या एका वाचनालयाच्या दिवाणखान्यात. एक आठवडा उरला होता आणि अडचणही एकच उरली होती. शेवटचा सूर. मोहरीलसाहेबांनी सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, 'सा, अगदी हळू, दुरून आल्यासारखा, चोवीस पावलं.' चोविसाव्या पावलाला तिघांनी तार तीनदा छेडायची, की संपलं. लहानूचा तो सा अठराव्या पावलापर्यंत छान जाई. तिथं दम संपत आला की सूर आधी हले, मग तो सावरायला लहानू जोर लावी आणि मग खोलीत वरात शिरे. गोधडीत चोवीस पावलं त्याला एकदाच जमली होती आणि तेव्हा ऐकायला रुखमाबाई होती, तीही शेजारणीशी बोलत होती.

शेवटच्या तालमीला मोहरीलसाहेब म्हणाले, "असं करू. शेवटच्या सा-आधी तुम्हाला सहा पावलांची गप्प आहे. तेवढ्यात उठून व्हरांड्यात जा. दार लोटून घ्या आणि बाहेरून वाजवा. आत बरोबर दुरून आल्यासारखा येईल."

लहानू ट्रंपेटच्या कळा दाबत बसला. मग म्हणाला, "साहेब, मी एकोणतीस वर्षं बाहेरूनच वाजवून राहिलो."

"लहानूजी, ही संगीताची गरज आहे."

"हो. ते समजून राहिलं मले."

मोहरीलसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी रेडिओवर निम्मं ऐकलं होतं आणि उरलेल्या निम्म्यासाठी नऊ महिने घातले होते. शेवटच्या सुरात ते बिघडावं असं त्यांना वाटत नव्हतं, एवढंच. मधुसूदननं चेलोकडे बघितलं, यमुताईंनी खिडकीकडे. लहानू म्हणाला, "बरं." नागपुरात 'बरं' म्हणणाऱ्या माणसानं काहीही कबूल केलेलं नसतं, पण मोहरीलसाहेबांना ते त्या क्षणी सुचलं नाही.

रविवारी रुखमाबाईनं तांब्यात निखारे घालून त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केली. बँडाचा जरीचा कोट नसल्यामुळं लहानूला सारखं उघडं वाटत होतं. दिवाणखान्यात चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि चौतीस भरल्या. त्यातले दोघं वर्तमानपत्र वाचायला आलेले होते आणि तेही बसून राहिले. रुखमाबाई तिसऱ्या ओळीत कडेला बसली, तिच्या शेजारी दादाजी. दादाजीनं बँडाची टोपी घालून यावं की नाही याचा दोन दिवस विचार केला होता आणि शेवटी ती खिशात घालून आणली होती.

मोहरीलसाहेबांनी हे संगीत कसं ऐकावं याबद्दल पाच मिनिटं सांगितलं, त्यामुळं लोक थोडे घाबरले. मग चौघं बसले. लहानू खुर्चीत मागं टेकून बसला. पहिलं पान नीट झालं. एका ठिकाणी मधुसूदन घसरला, पण ते संगीत नवं असल्यामुळं कुणाला कळलं नाही. बत्तीस पावलांची गप्प आली तेव्हा लहानूनं ट्रंपेट मांडीवर ठेवलं आणि यमुताईंचं व्हायोलिन ऐकलं. समोर चौतीस माणसं खुर्च्यांवर बसली होती आणि कुणीही कुणाच्या मामाला शोधत नव्हतं. लहानूला वाटलं, आता मेलो तरी चालेल. मग आठवलं की अजून एक पान आहे.

शेवटची गप्प आली, सहा पावलांची. मोहरीलसाहेबांनी व्हायोलिनवरून त्याच्याकडे बघितलं आणि हनुवटीनं दार दाखवलं. लहानूनं दाराकडे बघितलं. दार चांगलं सागवानी होतं. एक पाऊल. दोन. मोहरीलसाहेबांनी भुवया उंचावल्या. तीन, चार. लहानूचा अंगठा बुटात मोजत होता, लहानू उठत नव्हता. पाच. मोहरीलसाहेबांच्या कपाळावर घाम आला. सहाव्या पावलाला लहानूनं बसल्या जागी ट्रंपेट ओठाला लावलं.

सा आला तो कुठून आला ते कळेना. लहानूचे गाल जरा फुगले होते, म्हणून त्याच्याकडूनच येत असणार. दिवाणखान्याच्या पलीकडे, व्हरांड्याच्याही पलीकडे, कुठंतरी लांबच्या गल्लीत कुणी एकटा माणूस सूर लावून उभा असावा, तसा तो येत होता. लहानू मोजत होता. दहा. चौदा. अठराला छाती रिकामी व्हायला लागली आणि सूर हलणार असं त्याला वाटलं. जोर लावायची इच्छा पोटातून वर आली. ती त्यानं गिळली. सूर हलला नाही. तिसऱ्या ओळीत दादाजी, ज्यानं त्याला त्या चौकात ऐकू गेलं पाहिजे असं शिकवलं होतं, खुर्चीतून पुढं वाकून कानामागं हात धरून बसला होता. रुखमाबाईनं पदर तोंडाला लावला होता. वीस. बावीस.

चोवीस. आता तारा.

तारा आल्या नाहीत. लहानूनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. मोहरीलसाहेबांचा हात तारेच्या वर होता, तिथंच राहिला होता. यमुताईंनी डोळे मिटले होते. मधुसूदन तर चेलोवर हनुवटी टेकून त्याच्याकडेच बघत होता. बँडाचा कायदा असा आहे की पुढच्यानं उचलल्याशिवाय आपला सूर खाली ठेवायचा नाही, मग नाक्यावर ट्रक आडवा येवो. लहानूनं धरून ठेवला. पंचवीस. अठ्ठावीस. पुढं किती दम उरला होता हे त्यालाही माहीत नव्हतं. एकतीसपर्यंत उरला होता. मग सूर विझला, तो कुठं विझला हेही नीट कळलं नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी खोकलंही नाही. लहानू वाट बघत बसला. चार पावलं गेली, आठ गेली. बारा मिनिटांचं काम असं शेवटच्या तीन ठोक्यांवर येऊन अडलेलं त्याला बघवेना. त्याला वाटलं आपण उठलो नाही म्हणून साहेब रागावले, आणि त्याचं तोंड उतरलं. तो मोहरीलसाहेबांकडे वाकला आणि हळूच म्हणाला, पण त्या शांततेत ते शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

"साहेब, तुमचं वाजवाचं राह्यलं."

मोहरीलसाहेबांनी आधी कागदाकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. त्यांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"आम्ही ऐकत बसलो, लहानूजी," ते म्हणाले.